बाबांच्या बेसला चौथा पिस्टन: तांबाकाट्याजवळच्या काकांचं वर्कशॉप

यंदा नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत मी बाबांचा बेस वाजवत होते, तेव्हा दुसऱ्या बँडमधल्या तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, "हा बाजूचा पिस्टन कुठे बसवून घेतला?" ढोल चालू असताना नीट सांगता आलं नाही. ज्या माणसाने हे काम केलं त्याच्या दुकानाला पाटी नाही, छापील कार्ड नाही, आणि त्याच्यासारखं काम करणारा मला तरी मुंबईत दुसरा भेटलेला नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बेस म्हणजे ट्युबा, बँडमधलं सर्वांत खालच्या सुराचं पितळी फुंकवाद्य. आमच्या बँडमध्ये ट्युबा असं कुणी म्हणत नाही, बेसच म्हणतात. बाबांचा बेस मेरठचा, तीन पिस्टनचा, काळी पाचचा, म्हणजे मूळ सूर पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. पिस्टन म्हणजे बोटाने दाबायचा खटका, तो दाबला की वाऱ्याच्या वाटेत जास्तीची नळी जोडली जाते आणि सूर उतरतो. मेरठची जली कोठी म्हणजे देशभरातल्या बँडच्या वाद्यांची पेठ. बाबांनी तो १९८७ साली एका म्हाताऱ्या वादकाकडून जुना विकत घेतला आणि पुढे बत्तीस वर्षं कोळीवाड्यातल्या हळदींना, वरातींना, विसर्जनाला वाजवला. गुडघे गेले तेव्हा त्यांनी तो गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवला. मी लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आहे. लहानपणी बाबांच्या शेजारी बसून शिकले होते, पण बँडमध्ये उभी राहून वाजवायला लागले ती सहा वर्षांपूर्वी, बाबांची जागा रिकामी झाल्यावर. माझी उंची पाच फूट. बाबा पावणेसहा फूट. हे मुद्दाम सांगते, कारण पुढच्या कामात त्याचा मोठा संबंध आहे.

दुखणं जुनंच होतं, पण उघडं पडलं मे महिन्यातल्या एका हळदीत. हल्ली बऱ्याच ठिकाणी बँडसोबत टेम्पोवर की-बोर्ड असतो, त्याला स्पीकर. नुसती वाद्यं असली की सगळे एकमेकांचं ऐकून सूर थोडा इकडेतिकडे करून घेतात. की-बोर्ड कुणाचं ऐकत नाही, त्याचा सूर जिथे आहे तिथेच. त्या रात्री गाणं पांढरी चारचं होतं आणि माझा खालचा षड्ज प्रत्येक वेळी चढत होता. मास्तरांनी दोनदा मागे वळून पाहिलं. तिसऱ्यांदा ते जवळ आले आणि म्हणाले, "बाय, खालचा सोड, वरचाच धर." बेस वाजवणारीला खालचा सूर सोडायला सांगणं म्हणजे काय, हे बेस वाजवणाऱ्यालाच कळेल. मी घरी येऊन रात्री दोन वाजता न जेवता तशीच झोपले.

चूक माझ्या फुंकेची नव्हती. तीन पिस्टनच्या वाद्याचा तो जन्मजात दोष आहे, आणि तो साध्या हिशोबाने समजतो. काळी पाचच्या बेसची नळी उलगडली तर सुमारे १८ फूट भरते, म्हणजे २१६ इंच. दुसरा पिस्टन दाबला की त्यात अंदाजे १३ इंचांची भर पडते आणि सूर अर्ध्या पट्टीने, म्हणजे पेटीवरच्या लगतच्या सुरापर्यंत, उतरतो. पहिल्याने साडेसव्वीस इंच, एक पट्टी. तिसऱ्याने ४१ इंच, दीड पट्टी. एकेकटे हे तिघे बरोबर आहेत. पण पांढरी चारला पहिला आणि तिसरा दोन्ही दाबावे लागतात. दोघांचे मिळून होतात साडेसदुसष्ट इंचांच्या आसपास, आणि अडीच पट्ट्या खाली जायला लागतात ७२. कारण पहिला दाबल्यावर मूळ नळी आधीच लांब झालेली असते, तिला त्याच प्रमाणात उतरवायचं तर भरही जास्त लागते. म्हणजे पाचएक इंच नळी कमी पडते, तेवढा सूर चढतो. तिन्ही एकदम दाबले तर तूट नऊ इंचांवर जाते. कारखान्यात तिसरी नळी थोडी लांब ठेवून हा फरक वाटून घेतात, पण तो मिटत नाही. त्यावर खरा उपाय म्हणजे चौथा पिस्टन, त्या अडीच पट्ट्यांसाठी वेगळी, पुरेशा लांबीची नळी.

नवा चार पिस्टनचा बेस घेणं मला परवडणारं नव्हतं. आणि परवडलं असतं तरी बाबांचा बेस कपाटावर परत ठेवायचा नव्हता.

त्याआधी एका ठिकाणी फसले होते. पिस्टन जड चालतात म्हणून एका दुरुस्तीवाल्याकडे बेस दिला, त्याने पिस्टनवर पॉलिश पेपर मारला. चालायला लागले ते लोण्यासारखे, पण वारा गळायला लागला. पिस्टन आणि त्याच्या घरामध्ये केसाच्या जाडीपेक्षाही कमी फट असते. तिथून धातू घासून काढला की तो परत येत नाही. मी फिटर असून हे डोळ्यासमोर होऊ दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

काकांचा पत्ता आमच्या क्लॅरिनेटवाल्या दादाने दिला. मशीद बंदर स्टेशनला पश्चिमेला उतरायचं, पायधुणीच्या दिशेने चालत तांबाकाट्याला यायचं. तांब्या-पितळेच्या भांड्यांची ती जुनी बाजारपेठ सगळ्यांना माहीत आहे. तिथून आतल्या गल्लीत लाकडी जिना असलेली एक दुमजली इमारत आहे, तिच्या तळाशी जिन्याखालची खोली. दहा बाय आठ असेल. ठोक्यांचा आवाज येतो, त्या आवाजाच्या मागे जायचं. काका जातीने आणि धंद्यानेही तांबट. त्यांच्या वडिलांनी हंडे, घंगाळी, बंब घडवले. स्टीलने तो धंदा खाल्ला तेव्हा काका तरुण होते. एका बँडवाल्याने चेपलेला भोंगा ठोकून सरळ करून मागितला, तो त्यांनी केला, आणि मग लोक वाद्यं आणत गेले. हे त्यांनी मला तिसऱ्या-चौथ्या भेटीत सांगितलं. पहिल्या भेटीत ते फारसं बोललेच नाहीत.

त्यांनी बेसला हातही लावला नाही. एक स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "वाजवा ताई."

मी सगळे सूर खालून वर वाजवले. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग पहिल्या पिस्टनची स्लाईड, म्हणजे त्याची सरकती नळी, पिस्टन न दाबता, हळूच बाहेर ओढली, क्षणभर थांबले आणि पिस्टन दाबला. घट्ट वाद्यातून अशा वेळी बाटलीचं बूच उडाल्यासारखा टप्प आवाज येतो. माझ्या पहिल्या पिस्टनमधून काहीच आला नाही. दुसऱ्याला थोडा आला, तिसऱ्याला चांगला. "पहिला घासलाय कुणीतरी," एवढंच म्हणाले. कुणी ते विचारलं नाही. ही एक गोष्ट मला फार आवडली. आमच्या धंद्यातसुद्धा आधीच्या माणसाला नावं ठेवल्याशिवाय कुणी पाना हातात घेत नाही.

मी तयारीने गेले होते. चोरबाजारात शुक्रवारी पहाटे जो बाजार भरतो, तिथून एक मोडका युफोनियम, म्हणजे बेसच्याच घराण्यातलं लहान वाद्य, उचलला होता. त्याचे चारही पिस्टन जागेवर, वरून निकेलचा मुलामा, बाकी शरीर चेपलेलं. माझी कल्पना अशी की त्यातला चौथा पिस्टन काढून बेसला लावायचा. मी तो टेबलावर ठेवला. काकांनी माप घ्यायचा व्हर्निअर माझ्याच हातात दिला. बेसच्या पिस्टनचं भोक १७.४ मिलिमीटर. युफोनियमचं १४.८.

"आता सांगा," काका म्हणाले.

सांगायची गरज नव्हती. व्यासात फरक अडीच मिलिमीटरचा दिसतो, पण वाऱ्याला जागा मिळते ती क्षेत्रफळाची, आणि ते सव्वासत्तावीस टक्क्यांच्या वर कमी होतं. मधेच घसा आवळल्यासारखं. सूर बरोबर लागला असता पण त्यातला भरदारपणा गेला असता, आणि बेसमधून भरदारपणा गेला तर उरतं काय. मी म्हटलं, "काका, पण मी त्याचे पैसे दिलेत." ते म्हणाले, "पैसे वाया जात नाहीत. याचं काहीतरी लागेल. पण पिस्टन नाही." दुसरा कुणी असता तर त्याने मुकाट्याने बसवून दिला असता. गिऱ्हाईक स्वतःच पार्ट घेऊन आलंय, त्याला नको का म्हणा. काकांवर पहिल्यांदा विश्वास बसला तो या नकारामुळे.

मग त्यांनी वर माळ्याकडे बोट केलं. तिथे एक पांढरा सुसाफोन, म्हणजे अंगाभोवती घालून वाजवायचा बेस, टांगलेला होता, फायबरग्लासचा, भोंगा मधोमध तडकलेला. फायबरचा सुसाफोन वजनाला हलका म्हणून बँडवाले घेतात, पण तो फुटला की फुटला, पितळेसारखा ठोकून सरळ करता येत नाही. त्याचे पिस्टन आणि स्लाईडच्या नळ्या मात्र पितळेच्याच असतात, आणि त्या शाबूत होत्या. भोक १७.८. माझ्यापेक्षा जेमतेम अर्धा मिलिमीटर मोठं, जोडकड्यात सहज मिटणारं. तिघांतला कुठला पिस्टन घ्यायचा यावर ते बराच वेळ थांबले. शेवटी तिसरा घेतला, कारण बँडमध्ये तिसरा पिस्टन सर्वांत कमी दाबला जातो, म्हणून त्याची झीज कमी.

आता सहा फुटांची नळी. इथे जे झालं ते मी कुणालाही सांगते तेव्हा पुन्हा पुन्हा सांगते. सुसाफोनही काळी पाचचाच. म्हणजे त्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या पिस्टनच्या नळ्या एकापुढे एक जोडल्या तर किती होतील? तेच, सदुसष्ट-साडेसदुसष्ट इंच. आणि आपल्याला हव्यात बहात्तर. ज्या पाच इंचांच्या तुटीमुळे त्या रात्री माझा सूर चढत होता, तीच पाच इंचांची तूट त्या टेबलावर नळ्या मांडल्यावर समोर आली. काकांनी नव्या पितळी नळीचा पाच इंचांचा तुकडा कापला आणि मधे ठेवला. माझ्या हाताच्या पंजाएवढाही नाही. मी तो बराच वेळ हातात धरून बसले होते. आज बेसकडे पाहिलंत तर निकेल चढवलेल्या पांढऱ्या नळीत मधेच एक पिवळा पट्टा दिसेल, तो हा. त्याच्यावर मुलामा देऊ नका असं मीच सांगितलं.

नळी वळवताना काका ती राळेने भरतात. रिकामी नळी वाकवली तर आतल्या अंगाला चेपते. राळ थंड होऊन घट्ट झाली की नळी भरीव सळईसारखी वागते, लाकडी साच्याभोवती सावकाश वळवता येते, मग तापवून राळ ओतून काढायची. आधी नळी लाल करून गार होऊ द्यायची, म्हणजे पितळ नरम पडतं. डाख लावताना पिस्टनच्या घराला ओल्या फडक्याने गुंडाळायचं, नाहीतर उष्णतेने त्याचा गोलपणा जातो आणि पिस्टन अडकतो. मी एक रविवार तिथे बसून हे सगळं पाहिलं. काकांनी हाकललं नाही, उलट दोनदा फडकं भिजवायला लावलं.

चौथा पिस्टन उजव्या हाताच्या तिघांच्या ओळीत बसला नाही, जागाच नव्हती. तो बेसच्या बाजूला बसवलाय, डाव्या हाताने दाबायचा. इंग्लंडच्या जुन्या पद्धतीच्या चांगल्या बेसना चौथा पिस्टन असाच बाजूला, डाव्या हाताला असतो, त्यामुळे ही काही ओढूनताणून केलेली सोय नाही. सुरुवातीला डोकं आणि हात भांडले, मग जमलं.

घरी मात्र बाबा नाराज होते. त्यांचं म्हणणं, "माझ्या बेसला दुसऱ्याची हाडं कशाला लावतेस गो?" मी त्यांना समजावलं नाही, नुसती माहिती सांगितली. ट्युबाचं पेटंट प्रशियात, बर्लिनमध्ये, १२ सप्टेंबर १८३५ रोजी व्हीप्रेख्त आणि मोरित्झ या दोघांना मिळालं, आणि त्या पहिल्याच ट्युबाला पाच पिस्टन होते. तीन पिस्टनचा बेस हा स्वस्त आणि सोपा पडतो म्हणून रूढ झाला. सुसाफोनसुद्धा कुणाच्या तरी गरजेपोटी वाद्य बदलूनच आला. बँडमास्तर सूसा यांना खांद्यावर घेता येईल पण आवाज वरून पसरेल असा बेस हवा होता, म्हणून १८९३ च्या सुमाराला पेपर नावाच्या अमेरिकन कारागिराने तो करून दिला. त्याचा भोंगा आधी आकाशाकडे तोंड करून होता, पुढे तोंड नंतर आलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या काकांना चहा तरी देतेस का?" मी परवानगी मिळाली असं धरलं.

आता उंचीचं. बाबांना माऊथपीस बरोबर ओठांशी यायचा. मला मान वर करून धरावी लागायची, तीन तासांच्या वरातीनंतर मानेचा मागचा भाग दगड होऊन जायचा. मी पट्टा आखूड केला तर पिस्टन हातापासून लांब जायचे. सुसाफोनला मानेच्या नळीवर दोन छोटे वाकडे तुकडे असतात, ते फिरवून माऊथपीसचा कोन हवा तसा करता येतो. काकांनी ते दोन्ही माझ्या बेसला चढवून पाहिले. मान एकदम सरळ झाली. पण सूर उतरला, कारण दोन तुकडे म्हणजे पाच इंचांची भर, आणि चौथ्या पिस्टनमधून जाताना न दाबताही दोन-अडीच इंच वाढलेलेच. काकांनी एक तुकडा काढला. एकाच तुकड्यावर मला पुरेसा कोन मिळाला. उरलेल्या भरीसाठी मुख्य स्लाईडचे दोन्ही पाय सव्वादोन-सव्वादोन इंच आखूड केले, आतली नळी आणि बाहेरची, दोन्ही. फुंक जिथून आत शिरते ती निमुळती नळी कापायला त्यांनी साफ नकार दिला. "तिथला एक इंच इथल्या दहा इंचांएवढा," असं म्हणाले. सुरुवातीची नळी हळूहळू रुंदावत जाते, तिच्या उतारावर सगळ्या वाद्याचा सूर अवलंबून असतो, तिथे कात्री चालवली तर वरचे आणि खालचे सूर एकमेकांपासून फाटतात.

बाकीचं लहानसहान. एका ट्रम्पेटची बोट अडकवायची कडी पहिल्या स्लाईडला लावली, म्हणजे पहिला-दुसरा मिळून दाबताना स्लाईड पाऊण इंच ओढून पांढरी पाच जागेवर आणता येते. त्याच ट्रम्पेटची पाणी सोडायची चावी चौथ्या नळीच्या सर्वांत खालच्या वळणावर. आणि माझा युफोनियम? त्याच्या भोंग्याच्या कडेचं जाड पितळ कापून काकांनी बेसच्या तळाला टाच बसवली. रस्त्यावर टेकवून टेकवून तो भाग कागदासारखा झाला होता. पैसे खरंच वाया गेले नाहीत.

भोंग्याचे पोचे काढण्याचं काम मी सांगितलंच नव्हतं. काकांनी ते आपणहून केलं. आतून लोखंडी दांडा, बाहेरून लाकडी मोगरी, आणि ठोके इतके बारीक की शेजारच्या खोलीतलं मूल झोपलेलं उठलं नाही. तांबट भांडं मठारतात तो हात. पण भोंग्याच्या डाव्या बाजूला एक उथळ पोचा होता, विसर्जनाच्या गर्दीत बाबा पडले तेव्हाचा. तो त्यांनी तसाच ठेवला. म्हणाले, तिथलं पितळ पातळ झालंय, ठोकलं तर फाटेल. बाबांना ते सांगितलं तेव्हा त्यांनी त्या पोच्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलले नाहीत.

नडलं काय, तेही सांगते. वेळ. लग्नाचा सीझन संपल्यावर जूनच्या पहिल्या आठवड्यात, मासेमारी बंद झाली तेव्हाच, बेस दिला होता. पंधरा जुलैचा वायदा होता. हातात आला नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी. मधे चार खेपा फुकट गेल्या, कारण काका फोन उचलत नाहीत, ठोक्यांत त्यांना ऐकूच येत नाही. वायद्यापुढे महिना धरूनच चाला. पावती मिळत नाही. पैसे तीन टप्प्यांत दिले, मिळून १८,५०० रुपये, त्यात सुसाफोनचे पार्टही आले. मी प्रत्येक वेळी वहीत लिहून काकांची सही घेतली, त्यांनी हसत केली. वजन सव्वा किलोने वाढलं, उभ्याने वाजवताना पहिले काही दिवस डावा खांदा बोलतो. जुन्या पेटीत बेस आता मावत नाही, बाजूचा पिस्टन अडतो. आईने जुन्या चादरींची खोळ शिवून दिलीय. चौथ्या पिस्टनची स्प्रिंग सुसाफोनचीच ठेवली होती, ती माझ्या डाव्या बोटांना फार कडक गेली, परत जाऊन मऊ बसवून घेतली. त्याचे पैसे काकांनी घेतले नाहीत.

एक गोष्ट कामानेही सुटलेली नाही. खालची पांढरी तीन. ती दुसरा आणि चौथा मिळून लागते आणि अजूनही थोडी चढते, चारेक इंच नळी तिथे कमीच पडते. ओठ सैल करून खाली आणावी लागते. काकांनी हे बेस देतानाच सांगितलं होतं, लपवलं नाही. घासलेला पहिला पिस्टन त्यांनी घरासकट बदलायचा सल्ला दिलाय. सध्या घट्ट तेलावर चाललंय, तेल मी धोबी तलावला जेर महालमधल्या फुर्टाडोजमधून आणते. पातळ तेल त्या फटीत टिकत नाही.

आणि पांढरी चार. देताना काकांनी स्टूल पुढे केलं, पहिल्या दिवसासारखं, आणि म्हणाले, "वाजवा ताई." मी नुसता चौथा दाबला. जिन्यावरची लाकडी फळी थरथरली, टेबलावरचे स्क्रू किणकिणले. काकांनी मोबाईलवरचं ट्यूनर माझ्याकडे वळवलं. काटा मधोमध होता. मी तो सूर श्वास संपेपर्यंत धरला, मग परत घेतला, मग परत. वरच्या मजल्यावरच्या बाई खाली वाकून पाहायला आल्या, तरी थांबवेना.

पौर्णिमेला टेम्पोवर तोच की-बोर्ड होता. मास्तर एकदाही मागे वळले नाहीत. मिरवणूक आमच्या दारावरून गेली तेव्हा बाबा खुर्ची टाकून बाहेर बसले होते. त्यांनी बेसकडे पाहिलं नाही, मान खाली घालून ऐकत होते, आणि पांढरी चार आली की त्यांची उजव्या पायाची टाच जमिनीवर पडत होती. गुडघा दुखतो म्हणून तो पाय ते एरवी हलवत नाहीत.

ज्यांना जायचं आहे त्यांनी आपला माऊथपीस न विसरता न्यावा, काका दुसऱ्याच्या माऊथपीसवर ऐकून निर्णय घेत नाहीत. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका. घाईचं काम असेल तर नेऊच नका. वाद्य टॅक्सीने न्या, त्या गल्लीत हातगाड्यांच्या गर्दीत बेस खांद्यावर घेऊन मी एकदा गेले आणि नव्याने पोचा येता येता राहिला. सुसाफोनचे उरलेले दोन पिस्टन आणि तो एक वाकडा तुकडा अजून माळ्यावर टांगलेले आहेत. तीन पिस्टनचा काळी पाचचा बेस कुणाकडे असेल तर लवकर जा. वरळीच्या बेसवालीने पाठवलं म्हणून सांगा, आणि जाताना चहा घेऊन जा, साखर कमी.